पाण्याची जेवणाची सुट्टी

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बाई धक्क्याच्या अकरा पायऱ्या उतरत. बाराव्या पायरीवर शेवाळ होते आणि तेरावीवरून, त्यांच्या आधी हे काम करणारे बुवा एकदा घसरून थेट खाडीत बसले होते. म्हणून बाई अकरावीवर थांबत. उजव्या हाताला भिंतीवर पाण्याची उंची मोजायची, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची लांबलचक फळी ठोकलेली होती. स्वयंपाकघरातून बाद झालेल्या उलथण्याने तिच्यावरचे शिंपले खरवडायचे, मग पदराने चष्मा पुसायचा, मग पाण्याकडे बघायचे. पाणी एका जागी राहत नाही. लाट वर येते, खाली जाते. म्हणून दहा लाटांची वरची आणि खालची टोके पाहून मधला आकडा काढायचा. हा हिशेब बाई मनातल्या मनात करत, पण ओठ हलत, आणि त्यामुळे धक्क्यावरच्या निम्म्या लोकांची समजूत होती की बाई रोज सकाळी खाडीला शिव्या घालतात. उरलेल्या निम्म्यांना वाटे की त्या प्रार्थना करतात. बाईंनी दोन्ही पक्षांना कधी दुखावले नव्हते.

आकडा शिसपेन्सिलीने वहीत जाई, कारण शाई ओल्या हाताला लागली की पळते. मग वर येऊन कचेरीच्या दाराशी टांगलेल्या फळ्यावर दिवसभराच्या भरती-ओहोटीच्या वेळा खडूने लिहायच्या. सहा वर्षांपूर्वी सरकारने हे सगळे आपोआप करणारे एक यंत्र धक्क्याला बसवले होते. समारंभ झाला, बाईंच्या हातात एक फूल देण्यात आले आणि आता तुम्ही आराम करा असे सांगण्यात आले. तिसऱ्या आठवड्यात यंत्राच्या नळीत एका खेकड्याने संसार थाटला. त्यानंतर यंत्राने सलग चार महिने पाण्याची पातळी एकच दाखवली, आणि ती वरच्या कचेरीत कुणालाही खटकली नाही. बाई पुन्हा पायऱ्या उतरू लागल्या. खेकडा अजून तिथेच होता. नोकरीत कायम झाल्यासारखा.

सव्वीस वर्षांत बाईंनी एकही आकडा अंदाजाने लिहिला नव्हता. ताप असताना नाही, नवरा जहाजावर स्वयंपाकी म्हणून पहिल्यांदा गेला त्या दिवशीही नाही. याचा त्यांना अभिमान होता. पण तो दाखवायला कुणी समोर नव्हते, त्यामुळे तो चांगला टिकून राहिला होता.

उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे, काम वाढे. तेव्हा सकाळी दहापासून दर दहा मिनिटांनी आकडा घ्यावा लागे. पाणी दर वेळी वीतभर चढे. मात्र अकराच्या सुमाराला एक गंमत होई. चढता चढता पाणी अडखळे. पाऊण तास ते जेमतेम दोन बोटे सरके. मग जाग आल्यासारखे पुन्हा चढू लागे आणि बारा-सव्वाबाराला माथ्याला टेके. पहिल्या वर्षी बाई घाबरल्या होत्या. आपली नजर चुकते आहे असे त्यांना वाटले.

"नजर ठीक आहे," बुवा म्हणाले होते. "पाणी डबा खायला बसलंय. त्याला काय जेवणाची सुट्टी नको?"

बुवा निवृत्त झाले, पण शब्द राहिला. वहीत शेऱ्याच्या रकान्यात आधी बुवांच्या आणि नंतर बाईंच्या हातची तीच नोंद दर पंधरवड्याला पडत गेली: जेवणाची सुट्टी, पाऊण तास. पाणी कुठे जेवते, हे बुवांनी सांगितले नाही आणि बाईंनी विचारले नाही. डबा खाणाऱ्या माणसाला तो कुठे बसून खातोस असे कोण विचारते?

त्या गुरुवारी फळा लिहून झाला आणि त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर असलेल्या मोजणी खात्याचे ड्रायव्हरमामा दारात उभे राहिले. मामा पंचावन्नचे, पोटाने पुढे आणि बोलण्यात त्याहून पुढे.

"बाई, तुमचा कागद आणलाय. नेहमीचाच."

"आणि ही एवढी फाईल?"

"कागद फाईलीतून काढायला वर तिसऱ्या मजल्यावर जावं लागलं असतं. मी म्हटलं, फाईलच बाईंना दाखवू. तेवढाच तिला वारा."

कागद खरोखर नेहमीचा होता. खाडीच्या मागे, गावाच्या आणि पाण्याच्या मधोमध जी पाणथळ जागा पसरली होती, तिच्या पाहणीसाठी समिती जाणार होती. कागदावर एक लहानशी चौकट होती: पाहणीस योग्य वेळ. ती वेळ धक्क्यावरून मागवायची रीत होती, कारण पाणथळीकडे जाणारा एकुलता एक रस्ता मध्येच खोलगट होता आणि भरतीला त्यावर पाणी येई. अकरा वर्षांपूर्वी त्या पाण्यात मामांच्या साहेबांची नवी गाडी बंद पडली होती. तेव्हा मामा हात जोडून म्हणाले होते, "बाई, काहीही करा, पण मला रस्ता कोरडा असेल अशी वेळ देत जा." बाई देत गेल्या. माणूस अडचणीत असताना त्याला कोरडा रस्ता देण्यात काय वाईट?

मामा बाकावर बसून पाय चोळू लागले. बाईंनी सहज फाईल चाळली. वर अहवाल होता, पाठीला पिवळी फीत लावलेला.

'समितीने सदर जागेची अकरा वर्षांत तीन वेळा समक्ष पाहणी केली असून तिन्ही वेळी जमीन कोरडी, भेगाळलेली व निरुपयोगी आढळली. पक्षी: आढळले नाहीत. मासे: प्रश्न उद्भवत नाही. इतर प्राणी: एक कुत्रा (समितीच्या गाडीमागे आलेला). सबब चौथ्या व अंतिम पाहणीतही जागा कोरडी आढळल्यास भराव टाकून बहुउद्देशीय संकुल उभारण्यास हरकत नसावी.'

उद्देश कोणते ते पुढे कळवण्यात येणार होते.

बाईंनी अहवाल पुन्हा वाचला. मग त्यातल्या तीन तारखा वाचल्या. त्या ओळखीच्या वाटल्या, आपल्याच घरातल्या माणसाचा फोटो दुसऱ्याच्या भिंतीवर दिसावा तशा. कपाटातून जुन्या वह्या काढून त्यांनी तिन्ही दिवस उघडले. दुपारी बाराची ओहोटी, तिन्ही वेळा. म्हणजेच तिन्ही वेळा आकाशात अर्धा चंद्र. कारण त्या खाडीत दुपारी बाराची ओहोटी फक्त अर्ध्या चंद्राच्या दिवसांत येते, आणि त्या दिवसांत भरतीसुद्धा मरगळलेली असते. पाणथळीच्या बांधापर्यंत पोचायचे तिच्या अंगात त्राण नसते. चिखल चार-पाच दिवस उन्हात तापतो. भेगा पडणार नाहीत तर काय होईल?

कचेरीची वेळ, कोरडा रस्ता आणि ओहोटी या तिन्ही गोष्टी जुळवता जुळवता बाईंनी समितीला दर वेळी नेमक्या अशा दिवशी पाठवले होते, की जेव्हा ती जागा पंधरवड्यात सर्वात वाईट दिसते.

"मामा," बाई म्हणाल्या, "पौर्णिमेला कधी गेलात का हो तिकडे?"

"पौर्णिमेला? दुपारी?" मामा दचकले. "गाडी काय होडी आहे?"

"उद्या सकाळी घेऊन जा कागद," बाई म्हणाल्या. "आज जरा बघावं लागेल."

सव्वीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच कागद राखून ठेवला होता. मामांनी फाईलही तिथेच ठेवली. तिसरा मजला त्यांना दोन्ही दिशांनी नकोसा होता.

दुपारी बाई घरी गेल्या. घर खालच्या गल्लीत होते, आठ बिऱ्हाडांच्या ओळीतले शेवटून दुसरे. ओट्याशी नणंद बसली होती. ती बाईंहून सहा वर्षांनी मोठी. लग्न तिने केले नाही, का केले नाहीस असे कुणी विचारले तर ती त्या माणसाला आपादमस्तक न्याहाळून म्हणे, "तुझ्यासारखेच येत होते ना बघायला." पाणथळीत सापळे लावून कोळंबी धरायची आणि बाजारात विकायची, हा तिचा चाळीस वर्षांचा धंदा होता.

"ताई, तुमच्या त्या चिखलावर भराव टाकणार आहेत," बाई चपला काढत म्हणाल्या.

"दर निवडणुकीला टाकतात," नणंद मान वर न करता म्हणाली.

"या वेळी खरंच. समिती म्हणते, जागा कोरडी आहे. मासे नाहीत, पक्षी नाहीत. कुत्रा आहे."

"कुठला कुत्रा?"

"ते राहू द्या. कोरडी आहे म्हणतात."

नणंदेने हातातली कोळंबी टोपलीत टाकली. "कोरडी? अगं, पौर्णिमेला अकराच्या ठोक्याला पाणी बांधावरून आत येतं. मी तिथंच बसलेली असते ना गुडघाभर चिखलात! आधी खेकड्यांची बिळं भरतात, बुडबुडे येतात. मग खारफुटीच्या मुळांमधून सरपटत पुढे. पाठोपाठ बोटाच्या पेराएवढी माशांची पिल्लं. हजारो. बाहेर मोठे मासे तोंड वासून बसलेले, आत मुळांच्या जाळीत त्यांना कोण खाणार? वाढतात, पोसतात आणि बाहेर जातात. बाजारात माझ्या शेजारणी ताजा समुद्राचा मासा म्हणून ओरडतात ना, तो सगळा आपल्या चिखलात लहानाचा मोठा झालेला असतो. पाऊण तास पाणी नुसतं पसरत बसतं. तुला सांगते वहिनी..."

"किती?"

"काय किती?"

"किती वेळ पसरतं म्हणालात?"

"पाऊण तास. अकरापासून."

बाई भिंतीला टेकल्या. "ताई, अकरापासून पाऊण तास माझं पाणी जेवायला बसतं."

नणंदेने त्यांच्याकडे पाहिले. कपाळाला हात लावण्याची तिला इच्छा झाली असावी, पण हाताला कोळंबी लागलेली होती.

"मग माझ्याकडेच येतं की जेवायला! तुला काय वाटलं, खानावळीत जातं? सव्वीस वर्षं एका घरात राहतोय आपण. तू दारात मोजतेस, मी मागच्या अंगणात त्याला वाढते, आणि तू एकदा विचारलं नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

"मला काय माहीत तुझं पाणी जेवतं म्हणून! तू घरी येऊन सांगतेस कधी काही? तुझं आपलं चार मीटर आणि दोन मीटर."

बाईंनी कानामागची पेन्सिल काढली. पाणी दर दहा मिनिटांना वीतभर चढते. पाणथळ भरून टाकली तर त्याला जेवायला जागा नाही, म्हणजे पाऊण तास ते चढतच राहणार. चार विती, साडेचार विती. उधाणाला आत्ताच पाणी गल्लीच्या गटाराच्या काठाला लागून मागे फिरत असे. बाईंनी उंबऱ्यापासून चार विती मोजल्या आणि भिंतीवर रेघ मारली. रेघ नणंदेच्या खाटेवरच्या गादीच्या वर आली.

"म्हणजे मी तरंगणार," नणंद म्हणाली.

"इतकं सरळ नसतं ते. थोडं इकडे जाईल, थोडं तिकडे. निम्मंच धरू." बाई नेकीने वाकल्या आणि दोन वितींवर दुसरी रेघ मारली. ती खाटेच्या पायांच्या मध्यावर आली. पिठाचा डबा, चपला, नवऱ्याने परदेशातून आणलेल्या, पायाने चालवायच्या शिवणयंत्राचा सांगाडा, गल्लीतल्या आठही घरांतले जे जे जमिनीवर होते ते ते रेघेच्या खाली होते.

"महिन्यातून किती वेळा?" नणंदेने विचारले. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

"दोनदा. तीन-तीन दिवस."

दुपारी तीनला बाई तिसऱ्या मजल्यावर गेल्या. साहेबांच्या टेबलामागे बहुउद्देशीय संकुलाचे रंगीत चित्र लावलेले होते. त्यात गोऱ्या-गोमट्या माणसांची जोडपी फुगे घेऊन फिरत होती आणि समुद्र निळाशार, शिस्तीत लांब उभा होता.

"या बाई. काय, पाणी वाढलं का?" साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त एकदा ठरलेली गोष्ट पुन्हा ठरवायचा कंटाळा होता.

"साहेब, त्या तीन पाहण्यांच्या वेळा चुकल्या."

"वेळा तुम्हीच दिल्या होत्या."

"हो."

"म्हणजे ओहोटी तेव्हा नव्हती?"

"होती. मिनिटाला मिनिट."

"मग चुकलं काय?"

"तुम्ही ओहोटी बघून आलात, साहेब."

"आम्ही जमीन बघून आलो. तीनदा. तिन्ही वेळा माझा बूट कोरडा." साहेबांनी टेबलाखालून पाय बाहेर काढून दाखवला. "हा तोच बूट आहे."

बाईंनी बुटाकडे आदराने पाहिले. मग त्यांनी पाऊण तासाचे सांगितले. पाणी कसे अडखळते, कुठे जाते, नणंद काय पाहते, भिंतीवरची रेघ कुठे आली. साहेब ऐकून घेत होते आणि ऐकता ऐकता टाचण्या एका डबीतून दुसऱ्या डबीत टाकत होते.

"पाणी जेवतं," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"हे लेखी कुठे आहे?"

"आमच्या वह्यांत. शेऱ्याच्या रकान्यात."

"बाई, शेऱ्याच्या रकान्यात काहीही असतं. माझ्या शेऱ्याच्या रकान्यात 'होतकरू' लिहिलंय, एकोणीस वर्षं झाली." साहेबांनी क्षणभर चित्रातल्या फुग्यांकडे पाहिले. "हे बघा, पाणी तुम्ही मोजा, जमीन आम्ही मोजतो. नियम साधा आहे. भरतीचं पाणी ज्या जमिनीवर समितीला डोळ्यांनी दिसेल, ती भरता येत नाही. दिसलं नाही, तर भरता येते. नणंदेला दिसून उपयोग नाही."

"मग पाहणी कधीची ठेवायची?"

"ते मी कोण सांगणार? तो तुमचा विषय. पंधरवड्यातली योग्य ती वेळ द्या, आम्ही येतो. कधी ढवळाढवळ केली का मी तुमच्या कामात?"

"नाही साहेब."

"मग!" साहेब म्हणाले आणि उरलेल्या टाचण्यांकडे वळले.

संध्याकाळी बाईंनी चौकट अजून कोरी असलेला तो कागद जेवणाच्या ताटाशेजारी ठेवला आणि ताटाकडे कमी, त्याच्याकडे जास्त पाहिले. सोमवारी पौर्णिमा होती. बारा वीसला भरती, चार मीटर साठ. त्यापुढच्या सोमवारी दुपारी बाराला ओहोटी, रस्ता कोरडा, चिखलाला भेगा, मागे कदाचित तोच कुत्रा. दोन्ही वेळा खऱ्या होत्या. खोटे लिहायचा प्रश्नच नव्हता, आणि नेमके तेच त्यांना टोचत होते. आयुष्यभर त्यांनी पाणी आपल्याला हवे तिथे नेले नव्हते. ते जिथे होते तिथला आकडा लिहिला होता. आता वेळ निवडणे म्हणजे लबाडी झाली की काय?

शिवाय निवृत्तीला चार वर्षे होती. भर पाण्यात उभे केल्याबद्दल साहेबांना राग आला, तर गोदामात पोती मोजायला पाठवायला एक सही पुरत होती. पोत्यांना लाटा नसतात.

"लबाडी?" नणंद भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली. "अकरा वर्षं निवडतच होतीस की. मामाच्या टायरांसाठी निवडलंस तेव्हा ती नोकरी, आणि आता ती लबाडी?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"आता माहीत आहे ना? झालं तर." तिने ताट उचलले. "आणि पोती मोजायला पाठवलंच, तर माझ्याबरोबर चिखलात ये. तिथे निदान कोणी काही ठराव करत नाही."

झोपण्यापूर्वी बाईंनी पिठाचा डबा उचलून फळीवर ठेवला, मग स्वतःशीच चिडून पुन्हा खाली ठेवला.

शुक्रवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी त्या अकरा पायऱ्या उतरल्या, शिंपले खरवडले, दहा लाटा मोजल्या. आकडा वहीत घातला. वर येऊन फळा लिहिला. मग टेबलाशी बसून नेहमीच्या अक्षरात, चौकटीच्या बाहेर एक काना जाऊ न देता, त्यांनी लिहिले: सोमवार, दुपारी बारा वाजून वीस मिनिटे. खाली, जिथे अकरा वर्षांत त्यांनी काही लिहिले नव्हते तिथे, तशाच अक्षरात: पूर्ण भरती, चार मीटर साठ; खोलगट रस्त्यावर गुडघाभर पाणी. कुठे अधोरेखित केले नाही. शिक्का मारला, शाई वाळू दिली आणि कागद फाईलीत अहवालाच्या वर ठेवला. कुणी फाईल उघडलीच, तर पहिला तोच दिसावा.

दहाला ड्रायव्हरमामा आले. फाईल काखेत मारता मारता त्यांनी विचारले, "रस्ता कोरडा असेल ना?"

"नाही," बाई म्हणाल्या. "कागदावर लिहिलंय."

मामा थांबले. त्यांनी फाईल उघडून, ओठ हलवत, दोन्ही ओळी वाचल्या. मग त्यांनी बाईंकडे पाहिले, मग खिडकीतून दिसणाऱ्या खाडीकडे. त्यांची थोरली मुलगी खालच्या गल्लीतच दिलेली होती, टोकाच्या घरात.

"गाडी खोलगटाच्या अलीकडे उभी करावी लागेल," ते म्हणाले.

"हो."

"तिथून सगळं दिसतं, नाही का?"

"बांधापर्यंत सगळं."

मामांनी फाईल बंद केली. "कागद साहेबांपुढे ठेवतो. वाचला तर वाचला. आणि मला विचारलं, तर मी सांगेन. माझ्याच्यानं खोटं बोलवत नाही." दारातून ते मागे वळले. "पण बाई, अकरा वर्षांत मला एकदाही कुणी काही विचारलेलं नाही."

जिन्यावर त्यांची पावले हळूहळू वर चढत गेली. पहिला मजला, दुसरा; मग थोडा वेळ काहीच नाही, मामा दम खात असावेत; मग तिसरा. बाईंनी शिक्क्याची डबी मिटली, उलथणे फडक्याने पुसून खिळ्याला अडकवले, आणि सोमवारसाठी वहीचे नवे पान आखायला घेतले.